दादाने सोडलेली नोकरी

बुधाजीला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा त्याच्या मुलीने, मृणालने, पनवेलहून काकाला फोन केला.

"काका, वर्षश्राद्धाचं जेवण आई करणारच आहे. पण त्याच दिवशी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात एक छोटासा कार्यक्रम करूया. बाबांना ओळखणारे लोक येतील, बोलतील. तुम्ही सगळ्यात शेवटी बोलायचं."

"मी?" अंबाजी दचकलाच. "मी काय बोलणार? मला बोलता येत न्हाय, ठाऊक हाय ना तुला?"

ठाऊक नसायला काय झालं! खताच्या कारखान्यात अडतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला हा माणूस स्वतःच्या निरोपसमारंभात माइकसमोर उभा राहिला, "सर्वांचे आभार" एवढं म्हणाला आणि घाम पुसत खाली बसला. थळ गावात त्यावर लोक अजून हसत.

"बाबांचं तरुणपण पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही," मृणाल म्हणाली. ती पनवेलच्या एका इस्पितळात नर्स होती आणि समोरच्याला नाही म्हणू न देण्याची तिची पद्धत होती. "आणि अजून एक काम करा. पेण, काशीद आणि तळा, तिन्हीकडे जाऊन या. लोकांना आमंत्रण द्या, बाबांचे जुने फोटो असतील तर घेऊन या. मला रजा नाही. तुम्ही रिटायर आहात."

अंबाजीने फोन ठेवला. बायको, काशी, दारात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "जा की. घरात बसून नळाच्या तोट्या उघडता नि पुन्हा बसवता. तेवढंच फिरणं होईल."

बुधाजीने जन्मभर काय काय केलं, ते थळात कुणालाच धड सांगता येत नसे. पोरवयात तो बापाच्या होडीवर खलाशी होता. मग गावच्या नाटकांचे पडदे रंगवू लागला. त्याने रंगवलेल्या राजवाड्याच्या खांबाला टेकायला गेलेला एक नट पडद्यासकट पडला होता म्हणतात. मग पेणला जाऊन गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखले. परत येऊन होड्यांवर नावं रंगवली, रंगवता रंगवता त्यांची इंजिनं दुरुस्त करायला शिकला. पन्नाशीला आल्यावर काशीदच्या समुद्रकिनाऱ्यावर ऑम्लेटपावाची गाडी लावली. आणि शेवटची आठदहा वर्षं घराच्या मागच्या पडवीत अपंगांसाठी तीनचाकी गाड्या बनवत बसला. पैसा कुठल्याच कामात फारसा जमला नाही आणि माणसं मात्र प्रत्येक कामात जमली.

पण थळात बुधाजीचं नाव निघालं की या कामांआधी निघायची ती गोष्ट वेगळीच होती. चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यासाठी जमिनी गेल्या, तेव्हा ज्याची जमीन गेली त्या घरातल्या एकाला नोकरी मिळाली. यांच्या घरात ती बुधाजीला लागली होती. थोरला मुलगा म्हणून कागदही त्याच्याच नावाने आला. आणि मुलाखतीच्या दिवशी हा बहाद्दर गायब! तीन दिवसांनी कळलं की स्वारी पेणला मूर्ती बघत फिरते आहे. अखेर साहेबांच्या हातापाया पडून धाकट्याला, अंबाजीला, चिकटवून घ्यावं लागलं. बापाने बुधाजीची रंगांची पत्र्याची पेटी उकिरड्यावर फेकली आणि पुढे दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. "उडाणटप्पू" हे नाव तेव्हा जे चिकटलं, ते सुटलंच नाही. लग्नकार्यात पंगत बसली की कुणीतरी ही गोष्ट काढायचाच. सगळे हसायचे. बुधाजी सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

अंबाजीही हसायचा.

*

पहिल्यांदा तो पेणला गेला. मूर्तींच्या ज्या कारखानदाराकडे बुधाजीने अकरा हंगाम काढले, तो आता ऐंशीच्या घरातला होता. शाडूच्या मूर्तींच्या रांगांमधून काठी टेकत तो पुढे आला, त्याने अंबाजीला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाला, "तुम्ही म्हणजे फिटर भाऊ?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तो सारखा सांगायचा ना. माझा भाऊ फिटर हाय, त्याने आवळलेला नट भूकंपातसुद्धा ढिला होत नाही, असं कायतरी." म्हातारा खोखो हसला. "बसा. चहा घ्या."

चहा पिताना म्हाताऱ्याने सांगितलं की डोळ्यांची आखणी हे मूर्तीतलं सगळ्यात नाजूक काम. हात थरथरला की मूर्ती वाया. त्या काळी बायकांना मातीकाम द्यायचे, रंग घोटायला द्यायचे, पण आखणीला बसवत नसत. बुधाजी दुपारी सगळे जेवायला गेले की तीन बायकांना तुटक्या मूर्तींवर डोळे काढायला शिकवायचा. "मला कळलं तेव्हा मी भडकलो. तो म्हणाला, शेट, ह्या रांगेतले वीस गणपती बघा नि माझे कोणते, ह्यांचे कोणते ते सांगा. मी सतरा चुकलो." म्हाताऱ्याने समोरच्या रस्त्याकडे हात केला. "त्यातली एक आता तिथे स्वतःचा कारखाना चालवते. माझ्यापेक्षा जास्त मूर्ती परदेशी पाठवते. तिच्याकडेही जाऊन या, ती जेवल्याशिवाय सोडणार नाही."

तिने खरंच सोडलं नाही. निघताना एक फोटोही दिला. त्यात तरुण बुधाजी कानाला कुंचला लावून एका न रंगवलेल्या गणपतीच्या शेजारी त्याच्यासारखाच मांडी घालून बसला होता.

दोन दिवसांनी अंबाजी काशीदला गेला. सुरूच्या झाडांमागे विनेशची खानावळ होती. विनेश चाळिशीचा, मोठ्या आवाजाचा, सतत घाईत असलेला माणूस. पण बुधाजीचं नाव ऐकताच त्याने गल्ला बायकोकडे सोपवला आणि अंबाजीला घेऊन वाळूत जाऊन बसला.

"इथे बुडून कॉलेजची दोन पोरं गेली होती," तो सांगू लागला. "बुधाजीकाका तेव्हा ऑम्लेटची गाडी लावायचे. डोळ्यांसमोर गेली पोरं. दुसऱ्या दिवशी काकांनी गाडी लावलीच नाही. प्लॅस्टिकचे कॅन घेतले, त्यांना दोर बांधले, गळ्यात शिट्टी अडकवली आणि पाण्याच्या कडेला उभे राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाच वर्षं, काका! सकाळी ऑम्लेटपाव, आणि गर्दी वाढली की शिट्टी. किती जणांना ओढून काढलं ते मोजलंच नाही त्यांनी."

"मग सरकारने नेमलं न्हाय त्याला?"

"सरकारी जीवरक्षक आले तोवर यांचं वय निघून गेलं होतं. त्या नव्या पोरांना पाणी कुठून ओढतं ते काकांनीच शिकवलं. मी म्हटलं, काका, तुम्हाला वाईट नाही वाटत? तर म्हणाले, बरं झालं. पगार लावला असता तर रजा मागावी लागली असती." विनेश हसला. "मी तेव्हा बेकार होतो. ते शिकवून झालं त्या दिवशी त्यांनी गाडीच्या कुलपाची चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, मला आता दुसरं काहीतरी सुचलंय, ही तू चालव. ही खानावळ त्या गाडीवर उभी राहिलीय."

अंबाजी समुद्राकडे बघत राहिला. होडीत पाय ठेवायचं त्याने कधीच सोडलं होतं. कोळ्याच्या घरात जन्मून ज्याला पाणी सोसत नाही असा तो गावातला एकटाच.

"तुम्ही फिटर भाऊ ना?" विनेशने विचारलं. "काका सांगायचे तुमच्याबद्दल."

अंबाजीने मान हलवली. ही ओळख ऐकून त्याला आनंद व्हायला हवा होता. पण प्रत्येक वेळी कुणीतरी छातीवर पाना आवळल्यासारखं होत होतं.

*

तळ्याला जायला अलिबाग, रोहा अशा दोन एसट्या बदलाव्या लागल्या. बाजाराच्या चढावर गणराजचं झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानात सातबारा काढणाऱ्यांची आणि ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्यांची गर्दी होती. गणराजला लहानपणीच पोलिओ झाला होता. दुकानाबाहेर त्याची तीनचाकी उभी होती. जुनी स्कूटर, मागे दोन चाकं, सगळे ब्रेक हाताशी, आणि हँडलच्या खाली निळ्या रंगात काढलेला एक छोटा मासा.

"हिच्यामुळे दुकान आहे माझं," गणराज म्हणाला. "आधी भावाच्या पाठीवर बसून यायचो. तीस वर्षांचा घोडा आणि भावाच्या पाठीवर! बुधाजीकाका एकदा कागद काढायला इथे आले होते, मला बघितलं आणि निघून गेले. दोन महिन्यांनी टेम्पोतून ही गाडी घेऊन हजर! पैशांचं काढलं तर रागावले."

अंबाजी नकळत गाडीपाशी उकिडवा बसला. मागचा ॲक्सल त्याने हाताने चाचपला. वेल्डिंगचा सांधा त्याला लगेच ओळखू आला. पाचसहा वर्षं दर रविवारी दादा त्याच्याकडे यायचा आणि विचारायचा, "अंब्या, दोन जाडीचे पाइप जोडायचे तर आच किती ठेवायची रे?" सुट्टीच्या दिवशीही हा पिच्छा सोडत नाही म्हणून अंबाजी करवादायचा. पण शिकवायचा. हा सांधा त्याने शिकवला होता तसाच होता.

"बेअरिंग गेलंय हिचं," तो म्हणाला. "आवाज येत असेल."

"वर्षभर येतोय. आता सांगायचं कुणाला?" गणराज म्हणाला. "आणि काका, एक विचारू? बुधाजीकाका स्वतःच हसत सांगायचे, मी कारखान्याच्या नोकरीला घाबरून पळालो म्हणून. मला ते कधी खरं नाही वाटलं. जो माणूस दोन महिने एका ॲक्सलमागे बसतो, तो घाबरून पळणारा वाटत नाही. खरंच पळाले होते?"

 हाताचं ग्रीस पुसायला अंबाजीने रुमाल काढला आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

"तुम्ही रविवारी कार्यक्रमाला या," एवढंच तो म्हणाला.

परतीच्या एसटीत त्याला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, तो ते कधी विसरलाच नव्हता.

एकोणीस वर्षांचा असताना खांदेरी बेटाच्या पलीकडे होडीत तो ओकून ओकून बेशुद्ध पडला होता. ते पहिल्यांदा नव्हतं. पण त्या दिवशी तोंडातून रक्त आलं. बाप म्हणाला, सवय होईल. दादाने त्याचं तोंड धुतलं. पुढच्या वर्षी नोकरीचा कागद आला, दादाच्या नावाने. मुलाखतीच्या आदल्या दुपारी दादाने त्याला किनाऱ्यावर उलट्या घातलेल्या होडीमागे बोलावलं.

"उद्या तू जायचंस. मी नसेन. साहेबांना सांग, थोरला पळाला, मला घ्या. ही माझी संमती, सही करून ठेवलीय."

"बा मारील तुला."

"मला मारील, तुला न्हाय. मी आपखुशीने देतो म्हटलं तर तो देऊ देणार न्हाय, थोरला थोरला करत बसेल. पळालो म्हटलं की प्रश्न मिटला." दादाने त्याच्या डोक्यावर टपली मारली होती. "तुझं पोट दर्यावर टिकत न्हाय अंब्या. माझं कुठंही टिकतं. आणि हे कुणाला सांगायचं न्हाय. बाला तर न्हायच न्हाय."

बा गेला त्याला पंचवीस वर्षं झाली होती. त्यानंतर तरी सांगता आलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता त्या गोष्टीवर हसायची सवय झाली, आणि सवय झाल्यावर सांगणं आणखीच जिवावर आलं. कारखान्याच्या पगारावर अंबाजीचं पक्कं घर झालं, मुलं शिकली. दादाची बायको, कमळ, तीस वर्षं डोक्यावर माशांची पाटी घेऊन अलिबागच्या बाजारात बसली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वहिनीकडे गेला. कमळ अंगणात सुकटीसाठी जवळा वाळत घालत होती. पासष्टीची झाली तरी तिचा हात भराभर चालायचा.

"बसा भावजी. फोटो मिळाले?"

"मिळाले." तो ओट्यावर बसला. "वहिनी, तुला एक सांगायचंय. आधी तुला सांगतो, मग रविवारी सगळ्यांना सांगीन."

आणि त्याने सांगितलं. होडीमागची दुपार, सही केलेला कागद, सगळं. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, जमिनीवर पसरलेल्या जवळ्याकडे बघत होता. सांगून झालं तरी कमळचा हात चालूच होता. मग हात थांबला.

"म्हणजे ते पळाले नव्हते."

"न्हाय."

कमळ उठली. अंबाजीला वाटलं, आता पाटीचं काढील, तीस वर्षांच्या उन्हाचं काढील. त्याने मान खाली घातली.

"पाटीचं मला काय न्हाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझी आई पाटी घ्यायची, तिची आई घ्यायची. पण भावजी, घरात पीठ नसलं, मृणालची फी राहिली की मी काय म्हणायचे ठाऊक हाय? सोन्यासारखी नोकरी सोडून पळालेला माणूस माझ्या नशिबी आला, असं म्हणायचे. तोंडावर म्हणायचे त्यांच्या. एकदा न्हाय, शंभरदा. आणि ते हसायचे. म्हणायचे, व्हय गं, चुकलंच माझं." तिने पदर तोंडाला लावला. "तुम्ही दोघांनी मिळून माझ्या तोंडून त्यांना बोल लावले. ते गेले. आता मी कुणापाशी जाऊन शब्द परत घेऊ?"

 अंबाजी उठला, तिच्या पाया पडायला वाकला. ती मागे सरली.

"जा तुम्ही आता," ती म्हणाली.

तो गेला. त्या दिवशी काशीने दोनदा विचारलं तरी तो जेवला नाही. त्याने बायकोलाही सगळं सांगितलं. ऐकून काशी म्हणाली, "इतकी वर्षं माझ्याजवळही बोललात न्हाय तुम्ही." तिचं बोलणं त्याला वहिनीच्या बोलण्याइतकंच लागलं.

सकाळी तो अंगण झाडत होता, तेव्हा कमळ स्वतःच आली. हातात झाकलेलं ताट होतं. ते तिने काशीकडे दिलं, आणि अंबाजीसमोर उभी राहिली.

"रात्रभर आठवत बसले," ती म्हणाली. "मी बोल लावले ते खरं. पण ते हसायचे तेही खरं हाय, भावजी. जळून हसणारा माणूस मला ओळखू आला नसता का? ते खरंच हसायचे. त्यांना ती नोकरी नकोच होती, असं मला आता वाटतंय. तुम्हाला दिली, आणि स्वतः मोकळे झाले."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस तू."

"तुम्हाला बरं वाटायचं माझं काय अडलंय?" ती ठणकावून म्हणाली. "अजून राग हाय माझा. राहील चार दिवस. पण रविवारी सांगा. सगळ्यांसमोर सांगा. आणि रडायचं न्हाय. रडणाऱ्या माणसाचं भाषण त्यांना अजिबात आवडायचं न्हाय, उठून जायचे."

*

रविवारी शाळेच्या पटांगणात दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या. त्या पुरल्या नाहीत. पेणहून म्हातारा कारखानदार आणि त्या तीन आखणीवाल्या बायका आल्या. काशीदहून विनेश आला आणि त्याच्यासोबत लाल टी-शर्टातले चार जीवरक्षक. तळ्याहून गणराज आपल्या तीनचाकीसकट टेम्पोतून उतरला. मृणालने फोटो दोरीला लावले होते. गावची माणसं ते फोटो बघत एकमेकांना विचारत होती, हा खरंच आपला बुधाजी? पेणचा बुधाजी थळाला माहीत नव्हता, काशीदचा पेणला माहीत नव्हता. एकच माणूस होता, आणि तो प्रत्येक गावाने आपल्यापुरताच पाहिला होता.

एकेक जण बोलला. हशा झाला, टाळ्या झाल्या. गावातल्या एकाने पंगतीतली जुनी गोष्ट काढलीच, "नोकरीवरून पळालेला आमचा उडाणटप्पू," आणि सगळे प्रेमाने हसले.

मग मृणालने अंबाजीचं नाव घेतलं.

तो माइकसमोर आला. मृणालने लिहून दिलेला कागद त्याने खिशातून काढला आणि पुन्हा ठेवला. "माझा दादा..." तो म्हणाला आणि अडकला. समोर दोनअडीचशे तोंडं.  मागच्या रांगा मान उंचावून बघू लागल्या.

"मोठ्याने बोला भावजी," पहिल्या रांगेतून कमळचा बाजारात तापलेला आवाज आला. "मागे ऐकू जात न्हाय."

लोक हसले, आणि त्या हसण्यात अंबाजीने माइक जवळ ओढला.

"माझा दादा पळाला नव्हता," तो म्हणाला. "ती गोष्ट खोटी हाय. त्याने ती नोकरी मला दिली. मला दर्या सोसत न्हवता, म्हणून. बाने नाही म्हणू नये म्हणून पळाल्याचं सोंग केलं. त्याने सही केलेला कागद मी माझ्या हाताने साहेबाला दिलाय. हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं. पंगतीत तुम्ही हसायचात, तेव्हा मी पण हसायचो. तेवढंच मला सांगायचं होतं. माझं घर, माझी पोरं शिकली ती, माझी पेन्शन, सगळं दादाचं हाय. उडाणटप्पू त्याला आता म्हणू नका. म्हणायचंच असलं तर मला कायतरी म्हणा."

तो खाली बसायला वळला. टाळ्या वाजल्या नाहीत. जुनी गोष्ट काढणारा माणूस मान खाली घालून बसला होता. मृणाल माइकपाशी उभी होती, तिलाही हे आत्ताच कळत होतं. ती पुढे आली आणि काकाच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.  मग पेणचा म्हातारा काठी टेकत उठला आणि म्हणाला, "म्हणूनच तो तुमचं नाव घ्यायचा. देऊन टाकलेली वस्तू कुणी नीट वापरली की देणाऱ्याला बरं वाटतं." आणि मग कुठून तरी मागून टाळी वाजली, आणि वाजतच राहिली.

जेवणं झाल्यावर गणराज आपली गाडी आवाज करत अंबाजीजवळ घेऊन आला.

"काका, प्रसंग नाही, पण विचारतो. तळ्यात आणखी तिघांनी बुधाजीकाकांना गाडी सांगितली होती. एकीची अर्धी झाली होती म्हणे. प्रणाली नावाची मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. आंब्यावरून पडली, कंबरेखाली ताकद नाही. कॉलेज सोडायची वेळ आलीय तिच्यावर."

अंबाजीने कमळकडे बघितलं.

"मागच्या पडवीत हाय ती अर्धी गाडी," कमळ म्हणाली. "वर्षभर गोणपाट टाकून ठेवलीय. मला बघवत न्हवती. भंगारवाल्याला दिली न्हाय, एवढंच."

"मला सांधा जमतो," अंबाजी म्हणाला. "पण बाकीचं, बसायची जागा, पाठीला आधार, ते दादाच्या डोक्यातलं काम. माझ्या डोक्यात तसलं काय येत न्हाय."

"बाबांनी कागदावर काढून ठेवलंय सगळं," मृणाल म्हणाली. "आणि कंबरेखाली ताकद नसलेल्या माणसाला कसं बसवायचं ते मी रोज बघते. रजेच्या दिवशी येते मी."

*

गाडी व्हायला अडीच महिने लागले. अंबाजीने दोन वेळा ॲक्सल कापून पुन्हा जोडला, कारण पहिल्यांदा गाडी उतारावर डावीकडे ओढत होती. मृणालने पाठीचा आधार तीनदा बदलायला लावला. कमळने एकदा पडवीत येऊन बघितलं आणि गादी फारच टणक आहे म्हणून स्वतः कापूस भरून दुसरी शिवली. काशीने तक्रार करायची सोडून दिली. नवरा दिवसभर तिथे असतो, निदान तोट्या तरी शाबूत राहतात, असं ती शेजारणीला सांगायची.

चैत्रात एका सकाळी अंबाजी, मृणाल आणि कमळ टेम्पोने तळ्याला गेले. प्रणाली दारात चटईवर बसून वाट बघत होती. केसांची घट्ट वेणी, कपाळावर आठ्या. आई शेजारी उभी होती. अंबाजीने तिला गाडीत बसवलं, पट्टा लावला, ब्रेक दाखवले, ॲक्सिलरेटर दाखवला. दोनदा, तीनदा दाखवला.

"कळलं," प्रणाली म्हणाली.

"या अंगणातच आधी गोल फिर. हळू. मी बाजूने चालतो."

तिने अंगणात एक फेरी मारली. अंबाजी बाजूने धावत होता. दुसरी फेरी मारली. तिसऱ्या फेरीला तिने गाडी फाटकाकडे वळवली आणि रस्त्यावर गेली. अंबाजी ओरडला, "अगं, थांब!" तोवर गाडी वळण घेऊन दिसेनाशी झाली होती.

"पडेल ती," तिची आई रडवेली झाली.

"पडणार न्हाय," अंबाजी म्हणाला. पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. फाटकापाशी उभा राहून तो रस्त्याकडे बघत राहिला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मृणाल फोन काढून गणराजला विचारू लागली, दुकानावरून गेली का? कमळ एकटी निवांत पायरीवर बसली होती.

"वहिनी, तुला काळजी वाटत न्हाय?"

"ब्रेक तुम्हीच लावलेत ना? मग?"

पंधरा मिनिटांनी वळणावर आवाज आला. गाडी आली. प्रणालीचे केस विस्कटले होते, कपाळावरच्या आठ्या कुठे गेल्या होत्या देव जाणे, आणि हँडलला एक पिशवी लटकत होती.

"कुठं गेली होतीस?" आईने विचारलं.

"बाजारात," प्रणाली म्हणाली. "कॉलेजच्या फाटकापर्यंत पण गेले. शिपाई ओळखतच नव्हता मला." तिने पिशवी अंबाजीपुढे धरली. "वडे आणलेत. गरम आहेत, आधी खा. आणि काका, चढाला जरा जोर कमी पडतो हिला. तेवढं बघून द्या."

अंबाजीने एक वडा घेतला, दुसऱ्या हाताने पान्यांची पिशवी उघडली आणि गाडीखाली वाकला.